जुना चार, नवा अठ्ठेचाळीस

२०१० पर्यंत राष्ट्रीय महामार्ग ८ म्हटले की दिल्ली ते मुंबई हा रस्ता डोळ्यांपुढे यायचा. आजचा ८ क्रमांकाचा महामार्ग आसामातल्या करीमगंजहून निघतो आणि त्रिपुरा उभा ओलांडून बांगलादेशाच्या सीमेवरच्या साब्रूमला थांबतो. त्रिपुरातल्या त्या रस्त्याचा जुना क्रमांक होता ४४. आणि आजचा ४४ म्हणजे श्रीनगर ते कन्याकुमारी. यातल्या एकाही रस्त्याने जागा सोडलेली नाही. आकडे तेवढे उठून दुसरीकडे जाऊन बसले.

महामार्गाचा क्रमांक म्हणजे फलकावरची रंगसफेदी, असे वाटत असेल तर एखादी जुनी फाइल उघडून बघावी. भूसंपादनाची अधिसूचना, अपघाताचा पंचनामा, पुलाच्या तपासणीची नोंदवही, विम्याचा दावा, पेट्रोल पंपाला दिलेली जोडरस्त्याची परवानगी, या सगळ्यांत रस्त्यावरची जागा सांगायची एकच रीत असते: रा.म. अमुक, कि.मी. अमुक. म्हणजे ‘रा.म. ४, कि.मी. ८०/५००’, ८० किलोमीटर ५०० मीटरवरची जागा. हा त्या जागेचा पत्ता असतो. त्यातला पहिलाच आकडा बदलला की कागद तोच राहतो, जमीन तीच राहते आणि पत्ता मात्र हजार किलोमीटर दूर जाऊन पडतो. ‘रा.म. ४’ आज शोधायला गेलात तर तो अंदमानात सापडेल.

क्रमांक बदलावेच लागतात, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. जाळे वाढते, रस्त्यांचा दर्जा बदलतो, जुन्या पद्धतीत जागा उरत नाही. माझे म्हणणे एवढेच की बदल करताना जुना आणि नवा आकडा दोन्ही एकाच वेळी खरे वाटतील अशी वेळ येऊ देऊ नये. नवी पद्धत कितीही सुंदर असली तरी तिचे आकडे जुन्या आकड्यांच्याच पेटीतून काढले तर पुढची कित्येक वर्षे प्रत्येक आकड्याला ‘जुना’ किंवा ‘नवा’ असे शेपूट लावावे लागते. आपल्याकडे नेमके तेच झाले.

जुनी पद्धत का मोडीत काढावी लागली, हे आधी समजून घेऊ. सुरुवातीच्या आकड्यांत मोठ्या शहरांना जोडणारे मुख्य रस्ते होते: १ दिल्ली-अमृतसर-अटारी, २ दिल्ली-कोलकाता, ३ आग्रा-मुंबई, ४ मुंबईहून पुणे-बंगळूरमार्गे चेन्नई, ६ हजीरा-कोलकाता, ७ वाराणसी-कन्याकुमारी, ८ दिल्ली-मुंबई, ९ पुणे-मछलीपट्टणम. इथवर पाठ करण्यासारखे होते. पुढे जसजसे रस्ते राष्ट्रीय दर्जाचे होत गेले तसतसा पुढचा मोकळा आकडा लावत गेले. पनवेलहून कोकण किनाऱ्याने कोचीकडे जाणारा १७, पुणे-नाशिक ५०, रत्नागिरी-कोल्हापूर २०४, सोलापूर-धुळे २११, कल्याण-निर्मल २२२, अंदमानचा २२३. लहान शाखांना अक्षरे जोडली: बेळगाव-पणजी ४ए, न्हावाशेवा बंदराकडचा ४बी. २११ आणि २२२ हे आकडे पाहून ते रस्ते देशाच्या कोणत्या कोपऱ्यात असतील हे कोणालाही सांगता येत नव्हते. राष्ट्रीय दर्जा कोणाला आधी मिळाला एवढेच त्या आकड्यांवरून कळायचे, आणि गाडी चालवणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नसतो.

२०१० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाने राजपत्रात नवी यादी काढली. तत्त्व साधे आहे. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. म्हणून २ हा आसाम-नागालँड-मणिपूर-मिझोरमच्या बाजूला, ४ अंदमानात, ४४ देशाच्या मध्यातून, ६६ पश्चिम किनाऱ्यावर आणि ७० राजस्थानच्या सीमेजवळ. विषमांत १ काश्मीर-लडाखमध्ये, ५३ हजीराहून नागपूर-रायपूरमार्गे पारादीपकडे, ६५ पुणे-मछलीपट्टणम आणि ८७ थेट तमिळनाडूत. आकडा ऐकला की दिशा आणि पट्टा दोन्ही कळतात. पद्धत म्हणून ही जुन्या यादीपेक्षा कितीतरी वरची आहे, यात मला शंका नाही.

शाखांची रीत तर विशेष चांगली आहे. तीन अंकी क्रमांकातले शेवटचे दोन अंक मूळ महामार्गाचे, पहिला अंक शाखेचा. १४४, २४४, ३४४ या ४४ च्या शाखा. बेळगाव-पणजीचा जुना ४ए आता ७४८ आहे, म्हणजे ४८ ची सातवी शाखा. रत्नागिरी-कोल्हापूर-सोलापूर १६६, म्हणजे ६६ ची पहिली. शाखांना सम-विषमाचा नियम लागू नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेडमार्गे संगारेड्डीला जाणारा १६१ चांगला उत्तर-दक्षिण धावतो, तरी तो विषम आहे, कारण त्याचा मूळ महामार्ग ६१. इथे नवखा माणूस हमखास चुकतो.

या रचनेची मर्यादा तिच्याच अंकगणितात आहे. पहिल्या जागी १ ते ९ एवढेच अंक बसतात, त्यामुळे एका मूळ महामार्गाला नऊ शाखा. मोहोळहून पंढरपूरमार्गे आळंदीकडे येणारा संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग ९६५ आहे. ६५ च्या शाखांचा शेवटचा अंक तिथे संपला. मग पाटसहून बारामती-इंदापूरमार्गे जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाला ९६५जी हा क्रमांक द्यावा लागला. ज्या अक्षरांना रजा देण्यासाठी एवढा खटाटोप केला ती मागच्या दाराने परत आली. ‘जी’ वरून दिशा कळत नाही, पट्टाही कळत नाही. राष्ट्रीय दर्जा देण्याचा वेग असाच राहिला तर ही अक्षरे वाढतच जाणार, आणि पुढच्या फेरमांडणीची वेळ येईल तेव्हा कारण हेच असेल.

शाखेला मूळ रस्त्याचा आकडा देण्यात आणखी एक धोका असतो, तो अमेरिकेत दिसला. तिथल्या यूएस ६६ या महामार्गाची एक शाखा न्यू मेक्सिकोतल्या गॅलपहून उत्तरेला जायची, सहावी शाखा म्हणून ६६६. १९८५ मध्ये ६६ हा क्रमांक अधिकृत यादीतून काढला आणि शाखा पोरकी झाली. तो आकडा ख्रिस्ती परंपरेत सैतानाचा मानला जात असल्याने फलकही सतत चोरीला जायचे. अखेर २००३ मध्ये १९१ ची शाखा ठरवून तिला ४९१ केले. मूळ महामार्ग रद्द करताना त्याच्या शाखांचे काय करायचे हे त्याच दिवशी ठरवायला हवे. ते पुढे ढकलले की काम दुप्पट होते.

फेरमांडणीत सर्वांत जास्त खटकते ते एक सलग रस्ता तुटणे. मुंबई-आग्रा रस्ता घ्या. शतकानुशतकांची ही वाट १ ते ९ च्या मानाच्या यादीत ३ या एकाच आकड्याखाली होती. आज आग्र्याहून निघाल्यावर ग्वाल्हेरपर्यंत ४४, ग्वाल्हेर ते ब्यावरा ४६, ब्यावरा ते धुळे ५२, धुळे ते नाशिक ६०, आणि पुढे ठाण्याकडे आणखी वेगळा क्रमांक. जाळीच्या तर्काने प्रत्येक तुकडा आपापल्या जागी बरोबर आहे. ४६ पुढे बैतूलला जातो, ५२ पंजाबातल्या संगरूरहून निघून कर्नाटकातल्या अंकोल्याच्या समुद्रापर्यंत पोहोचतो, ६० पुण्याला. पण तिरक्या रस्त्याला उभी-आडवी जाळी न्याय देऊ शकत नाही. आग्रा-मुंबई हा मध्य भारताच्या पोटातून तिरका उतरणारा रस्ता आहे. तो उत्तर-दक्षिणही नाही आणि पूर्व-पश्चिमही नाही. त्यावरून माल नेणाऱ्याच्या दृष्टीने तो एकच प्रवास असतो, आणि त्याला आता चार-पाच आकडे लक्षात ठेवावे लागतात. बहुतेक चालक ते ठेवत नाहीत. ते आग्रा रोडच म्हणतात.

उलट बाजूला, जोडण्याचे काम फार उत्तम झाले आहे. आजचा ४४ हा जुन्या १ए, १, २, ३, ७५, २६ आणि ७ या सात महामार्गांच्या तुकड्यांतून शिवलेला आहे. लांबी सुमारे ३,७४५ किलोमीटर, देशातला सर्वांत लांब. जुना ७, २,३६९ किलोमीटरचा, त्याच्या पोटात बराचसा सामावला. तसेच ४८: जुना ८ दिल्लीहून मुंबईपर्यंत आणि जुना ४ तिथून चेन्नईपर्यंत, दोन्ही मिळून एक. शेवटी बंगळूर-चेन्नई हा टप्पा सरळ पूर्वेला जातो, म्हणजे सम आकड्याच्या नियमात बसत नाही. तरीही तो ४८ मध्येच ठेवला हे चांगले केले, कारण प्रवाशाला नियमापेक्षा सलगता जास्त उपयोगी पडते. हाच न्याय आग्रा रस्त्याला दिला असता तर बरे झाले असते.

आता आकड्यांच्या पेटीबद्दल. अमेरिकेत १९२० च्या आसपास बहुतेक रस्त्यांना क्रमांक नव्हते, नावे होती. १९१३ चा लिंकन हायवे त्यातला प्रसिद्ध. खासगी मंडळे रस्त्याला नाव द्यायची, विजेच्या खांबांवर रंगीत पट्टे ओढायची आणि वाटेतल्या गावांकडून वर्गणी घ्यायची. एकाच खांबावर तीन-चार मार्गांचे पट्टे असायचे. १९१८ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने क्रमांक लावून वाट दाखवली आणि नोव्हेंबर १९२६ मध्ये देशभराची यादी मंजूर झाली: विषम आकडे उत्तर-दक्षिण, पूर्वेकडून वाढत, सम आकडे पूर्व-पश्चिम, उत्तरेकडून वाढत. ० ने संपणारे आकडे देशाच्या आरपार जाणाऱ्या मानाच्या रस्त्यांना. या मानासाठी भांडणेही झाली. शिकागो-लॉस एंजेलिस रस्त्याला ६० हवा होता, केंटकीच्या गव्हर्नरांनी तो आपल्या राज्यातून जाणाऱ्या रस्त्यासाठी धरून ठेवला, तडजोडीत ६२ पुढे आला आणि शेवटी कोणाचाही नसलेला ६६ घेतला गेला. आकड्याला राजकारण पहिल्या दिवसापासून चिकटलेले असते.

त्यानंतर १९५६ च्या कायद्याने इंटरस्टेट द्रुतगती मार्ग आले, तेव्हा त्यांच्यासमोर आपल्यासारखाच प्रश्न होता: जुनी यादी चालू असताना नवे आकडे कुठून आणायचे? त्यांनी जाळी आरशात धरली. १९५७ च्या यादीत लहान आकडे पश्चिमेला आणि दक्षिणेला ठेवले, त्यामुळे जुना १० वरच्या टोकाला आणि नवा १० खालच्या टोकाला. देशाच्या मधल्या पट्ट्यात मात्र दोन्ही जाळ्या एकमेकींवर येत होत्या, म्हणून इंटरस्टेट ५० आणि ६० हे क्रमांक दिलेच नाहीत. दोन क्रमांकांचा मान सोडला आणि कित्येक चुका टळल्या. ही काळजी मला फार मोलाची वाटते.

जपानने २०१७ मध्ये आणखी सोपा मार्ग काढला. द्रुतगती मार्गांना ‘ई’ अक्षर लावले आणि शेजारून जाणाऱ्या जुन्या राष्ट्रीय रस्त्याचाच आकडा दिला. जुन्या १ च्या बाजूचा तोमेई मार्ग ई१. ज्याला जुने आकडे पाठ होते त्याला नवे आयतेच पाठ झाले. ऑस्ट्रेलियातल्या राज्यांनीही साध्या आकड्यांकडून एम, ए, बी अशा अक्षरांकडे जाताना हाच विचार केला. अक्षर पुढे असले की नवा फलक जुन्याशी गोंधळत नाही.

बदल नाकारण्याचेही एक चांगले उदाहरण आहे. युरोपच्या ‘ई’ मार्गांची, म्हणजे अनेक देशांतून जाणाऱ्या रस्त्यांच्या सामाईक क्रमांकांची, १९७५ च्या जिनिव्हा कराराने फेरमांडणी झाली. नव्या जाळीनुसार स्वीडन-नॉर्वेमधला ई६ हा ई४७ व्हायला हवा होता आणि स्वीडनचा ई४ हा ई५५. तिथे हे आकडे रोजच्या बोलण्यात आणि हजारो फलकांवर रुजलेले होते. खर्चाचा हिशेब मांडून त्या देशांनी अपवाद मागितला, तो मिळाला, आणि ई४ व ई६ आजही तसेच आहेत. नकाशावर ती दोन विसंगत चिन्हे दिसतात. त्यांच्यामुळे कोणी वाट चुकल्याचे ऐकिवात नाही.

फ्रान्सचा राष्ट्रीय रस्ता ७ हा याच्या नेमका उलटा प्रकार. पॅरिसहून भूमध्य समुद्राकडे उतरणारा हा प्रख्यात रस्ता. २००६ च्या सुमारास बरेचसे राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे सोपवले गेले आणि प्रत्येक जिल्ह्याने आपल्या सोयीने आकडा ठरवला. म्हणून तो एका जिल्ह्यात डी९०७, दुसऱ्यात डी७एन, तिसऱ्यात डीएन७ आणि किनाऱ्याजवळ डी६००७ झाला. प्रत्येकाने ७ हा अंक प्रेमाने जपला, पण एकत्र बसून ठरवले नाही. हस्तांतरण मालकीचे होते. क्रमांक प्रवाशाचा होता आणि तो तसाच ठेवता आला असता.

आपल्याकडे हस्तांतरण उलट्या दिशेने, म्हणजे वर चढत होते. महाराष्ट्रात रस्त्याची पायरी ठरलेली आहे: ग्रामीण मार्ग, इतर जिल्हा मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, राज्य मार्ग, प्रमुख राज्य मार्ग, आणि वर राष्ट्रीय महामार्ग. प्रत्येक पायरीला क्रमांक नवा. प्रमुख जिल्हा मार्गांचे आकडे जिल्ह्यापुरते असतात, त्यामुळे ‘प्रजिमा १२’ हा प्रत्येक जिल्ह्यात असू शकतो आणि जिल्ह्याचे नाव लिहिले नाही तर नोंद निरुपयोगी ठरते. रस्ता वर चढला की किलोमीटरच्या दगडाचा माथा हिरव्याचा पिवळा होतो. खरी अडचण त्या दगडावरच्या अंतरात असते.

अंतर म्हणजे साखळी, कुठून तरी मोजलेली. दोन महामार्ग जोडून एक केला की आरंभबिंदू कोणता? नव्या आरंभापासून मोजायचे तर शेवटपर्यंतचा प्रत्येक दगड, प्रत्येक पुलाचा क्रमांक, प्रत्येक टोलनाक्याच्या करारातली हद्द बदलावी लागते. करार वीस-पंचवीस वर्षांचे असतात आणि त्यांत जुनी साखळी लिहिलेली असते. म्हणून बहुधा फलकावर नवा क्रमांक येतो आणि दगडांवरचे अंतर जुनेच राहते. कागदावर मग ‘रा.म. ४८ (जुना रा.म. ४)’ असे लिहितात. माझ्या मते हा कंस कायमचा ठेवावा, काढण्याची घाई करू नये.

मध्येच वळणरस्ता झाला की आणखी एक गाठ पडते. समजा गावातून जाणारी १२ किलोमीटरची वाट गेली आणि ९ किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता आला. वळणानंतरचे सगळे दगड ३ किलोमीटर मागे सरकवायचे का? अभियंते तसे करत नाहीत. जोडावर साखळीचे समीकरण लिहितात: मागील कि.मी. ५१/००० बरोबर पुढील कि.मी. ५४/०००. पुढचे दगड तसेच राहतात, आणि मधले तीन आकडे रस्त्यावर अस्तित्वातच नसतात. हे समीकरण नोंदवहीत नसेल तर ‘कि.मी. ५२ वर अपघात’ अशी खबर आल्यावर रुग्णवाहिका नव्या रस्त्यावर शोधत राहते आणि जखमी माणूस जुन्या गावरस्त्यावर असतो. वळणरस्त्याला क्रमांक दिला की जुन्या तुकड्याला त्याच दिवशी वेगळा क्रमांक द्यायला हवा. ब्रिटनमध्ये ही शिस्त बरी पाळली जाते. मुख्य रस्त्याचा ‘ए’ क्रमांक नव्या रस्त्याकडे जातो आणि गावातला रस्ता दुय्यम ‘बी’ किंवा दुसऱ्या क्रमांकाचा होतो.

द्रुतगती मार्गांवरच्या बाहेर पडण्याच्या वाटांनाही असेच दोन प्रकारे क्रमांक देतात. ओळीने १, २, ३ दिले तर १२ आणि १३ च्या मध्ये नवी वाट निघाली की १२ए. अंतरानुसार दिले तर नवी वाट कुठेही सहज बसते आणि दोन आकड्यांच्या वजाबाकीने अंतरही कळते. अमेरिकेतली राज्ये ओळीकडून अंतराकडे वळली तेव्हा ‘जुना क्रमांक अमुक’ अशी छोटी पिवळी पट्टी मोठ्या फलकाला जोडून काही काळ ठेवली. स्वस्त आणि फार कामाची युक्ती. आपल्या क्रमांकबदलात प्रत्येक मोठ्या फाट्यावर अशी पट्टी दहा वर्षे ठेवायला हवी होती.

क्रमांकांऐवजी नावेच ठेवली तर? नावेही स्थिर नसतात. रस्त्याचे नाव बहुधा पलीकडच्या गावाचे, म्हणून पुण्यातला सोलापूर रोड सोलापुरात पुणे रोड होतो. गावांची नावे बदलतात: औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर, अलाहाबादचे प्रयागराज. ज्या करीमगंजहून आजचा ८ निघतो त्या जिल्ह्याचे नावही २०२४ मध्ये श्रीभूमी झाले. तरीही नावाला एक बळ असते. लोकांच्या तोंडी ते अधिसूचनेने येत नाही आणि अधिसूचनेने जातही नाही. म्हणून फलकावर क्रमांकाबरोबर पुढच्या मोठ्या गावाचे नाव अंतरासह असणे मला अत्यावश्यक वाटते.

जुना कागद हातात आला तर या क्रमाने वाचावा. आधी तारीख. २०१० च्या आधीची असेल तर क्रमांक जुना धरावा. त्यानंतरच्या काही वर्षांतली असेल तर काहीच गृहीत धरू नये, कारण त्या काळात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी वापरात होत्या. मग मजकुरातली दोन टोकांची गावे शोधावीत. ती सापडली की क्रमांक कोणत्या यादीतला ते लगेच कळते: ६ शेजारी अमरावती दिसली तर जुना, शिलाँग दिसले तर नवा. मग किलोमीटर बघावा, आणि तो कुठून मोजलेला आहे हे जवळच्या पुलावरून किंवा तालुक्याच्या हद्दीवरून ताडून घ्यावे. शेवटी त्या पट्ट्यात वळणरस्ता कधी झाला ते विचारावे. कागद त्याच्या आधीचा असेल तर जागा बहुधा जुन्या गावरस्त्यावर निघते.